ख्रिसमसनंतरची पारध: चकमकीच्या बंदुकीची तयारी जुलैपासून

तुझा प्रश्न थोडक्यात असा. पेनसिल्व्हेनियात येऊन तीन वर्षं झाली, रायफलचे दोन हंगाम केलेस आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आलास. ऑफिसातला एकजण ख्रिसमसनंतर चकमकीची बंदूक घेऊन जंगलात जातो, ते बघून तुलाही खुमखुमी आली आहे. हजार डॉलरच्या आत कुठली बंदूक घेऊ, सोबत काय काय लागतं, तयारी कधी सुरू करू आणि एच-वन-बी व्हिसावर हे चालतं का, असं विचारलं आहेस. काका म्हणून हाक मारलीस, तेव्हा एकेरीवरच येतो. या राज्यात मी वीसेक हिवाळे ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीबरोबर काढले. त्यातले पहिले तीन पार फुकट गेले, आणि ते का गेले हे कळायला आणखी दोन गेले.

बंदूक कुठली हे नंतर बघू. आधी हंगाम कुठला ते ठरव, कारण बंदूक हंगामावर ठरते. इथे ठासणीच्या बंदुकीचे दोन हंगाम आहेत. एक ऑक्टोबरच्या मध्यात, आठवडाभराचा. तो फक्त बिनशिंगी हरणांचा, म्हणजे डोचा. त्यात कुठलीही ठासणीची बंदूक चालते, वर दुर्बीण लावलेलीसुद्धा. दुसरा २६ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो, शहरांभोवतीच्या काही विभागांत त्याच्याही पुढे. हा १९७४ साली सुरू झालेला हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकीचा आहे. गारगोटी पोलादावर घासली पाहिजे, ठिणगी पडली पाहिजे आणि त्या ठिणगीने दारू पेटली पाहिजे. नळी एकच, ४४ कॅलिबर (नळीचा व्यास, इंचाच्या शतांशांत) किंवा मोठी. दुर्बीण नाही, डोळा आणि नळीच्या टोकावरची माशी.

ऑक्टोबरच्या हंगामासाठी दुकानात जी बंदूक पुढे करतात ती 'इनलाइन'. १९८५ साली टोनी नाइट नावाच्या माणसाने एमके-८५ बाजारात आणली आणि तिथून ही जात फोफावली. तोंडातून भरायची एवढंच तिचं जुनेपण. मागे शॉटगनचा २०९ प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), प्लॅस्टिकच्या कपात बसवलेली आधुनिक गोळी, वर दुर्बीण. दीडशे यार्डांवर हरीण पाडते. तुला फ्रीजरमध्ये मटण एवढंच हवं असेल तर चारशे डॉलरची इनलाइन घे, ऑक्टोबरात जा, आणि माझं पुढचं पुराण वाचायची गरज नाही. पण तू लिहिलं आहेस की त्या सहकाऱ्याच्या बंदुकीचा 'फुस्स-धडाम' आवाज डोक्यातून जात नाही. तो आवाज चकमकीचाच. मग पुढे वाच.

एक मात्र लक्षात ठेव, हे नियम एका राज्याचे आहेत. उद्या एल्क या मोठ्या हरणासाठी कोलोरॅडोला जावंसं वाटलं तर तिथे ठासणीचा हंगाम सप्टेंबरात असतो, परवाना सोडतीने मिळतो, अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच करावा लागतो. तिथे दुर्बीण चालत नाही, दारूच्या तयार गोळ्या चालत नाहीत, प्लॅस्टिकचा कपही चालत नाही, आणि एल्कला ५० कॅलिबरच्या खाली जाता येत नाही. इथली झकास इनलाइन घेऊन तिथे उतरलेला माणूस मी पाहिला आहे, पार्किंगमध्येच पान्याने दुर्बीण सोडवत बसला होता.

आता व्हिसा. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला एरवी मनाई आहे, पण वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. दुसरं म्हणजे १९६८च्या कायद्याच्या व्याख्येत काडतूस न चालणारी जुन्या बनावटीची ठासणीची बंदूक 'फायरआर्म' धरलीच जात नाही. म्हणून ती इथे टपालानेही घरी येते. तरीही राज्याराज्यांचे कायदे वेगळे, आणि इथे चूक झाली तर दंडावर भागत नाही, व्हिसाच जातो. तेव्हा पैसे भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक मेल टाक आणि उत्तर लेखी घे. परवान्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. मूळ परवान्यावर ठासणीच्या बंदुकीचा जोडपरवाना घ्यावा लागतो, बाराएक डॉलरचा. बिनशिंगी हरणाचा परवाना विभागवार मर्यादित असतो, चांगले विभाग लवकर संपतात, म्हणून तो विक्री सुरू होताच उरकून टाक. चकमकीच्या हंगामाची एक गंमत म्हणजे रायफलच्या हंगामात बकचा, म्हणजे शिंगवाल्या नराचा टॅग (मारलेल्या हरणाला बांधायची परवान्याची चिठ्ठी) वापरला गेला नसेल तर तोच टॅग इथे डोवरही चालतो. तुझा दोन्ही वर्षं कोरा राहिला, म्हणजे दोन्ही वर्षं ही संधी तुझ्या खिशात होती.

बंदुकीकडे येतो. ५० कॅलिबर घे, डोकं चालवू नकोस. गोळ्या, चिंध्या, गज, सगळं या मापात कुठेही मिळतं. नवीन घ्यायची तर ट्रॅडिशन्सच्या चकमकीच्या बंदुका तुझ्या बजेटच्या निम्म्यात येतात. पेडरसोलीच्या इटालियन बंदुका महाग पण नेटक्या. थॉम्पसन सेंटरची जुनी हॉकन लोकांच्या तळघरात पडून असते आणि चांगल्या भावात मिळते, फक्त नळीत वाकून नीट बघ: लाइट आत टाकून खड्डे दिसतात का, आणि कोरडी चिंधी फिरवून गंज येतो का. हाताने काम करायची हौस असेल तर किबलरच्या किटची बंदूक एखाद्या उन्हाळ्यात घरी जुळवता येते, पण पहिली म्हणून नको. पहिल्या बंदुकीचं काम शिकवायचं असतं, आणि शिकताना दस्त्यावर ओरखडे पडतात.

बघायच्या दोन गोष्टी. पहिली नळीतल्या आट्यांचा पीळ. गोल शिशाच्या गोळीला मंद पीळ मानवतो, ४८ किंवा ६६ इंचांत एक फेरा. २८ इंचांत फेरा घेणारी नळी लांबट गोळीसाठी असते, तिच्यात गोल गोळी जास्त दारूवर भरकटते. दुसरी आणि खरी गोष्ट म्हणजे लॉक. चकमकीची बंदूक म्हणजे लॉक, बाकी सगळं लाकूड आणि पाइप. घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते, ती समोरच्या पोलादी पात्यावर, फ्रिझनवर आपटते, त्या आपटीने पातं मागे पडून खालचा प्याला उघडतो आणि ठिणग्या प्याल्यातल्या रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या चिमूटभर दारूवर पडतात. रंजक पेटलं की त्याची ज्वाळा नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक छिद्रातून आत जाते आणि मुख्य दारू पेटते. अंधाऱ्या खोलीत, बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, चाप ओढून बघ. ठिणग्या पांढऱ्या, जाड आणि थेट प्याल्यात पडल्या पाहिजेत. लाल, बारीक आणि इकडेतिकडे उडत असतील तर गारगोटी बोथट आहे, नाहीतर फ्रिझन मऊ आहे. गारगोटी तीन डॉलरची असते. फ्रिझन मऊ असेल तर ती बंदूक तिथेच ठेवून ये.

आपल्याकडे चकमक हा शब्द राहिला आणि वस्तू गेली, म्हणून गारगोटीबद्दल जरा सविस्तर सांगतो. बंदुकीबरोबर बऱ्याचदा करवतीने कापलेली अकीकाची चपटी येते, तिने काम भागतं पण फार काळ नाही. हाताने फोडलेली इंग्लिश काळी किंवा फ्रेंच मधाळ रंगाची गारगोटी घे, एकदम डझनभर. ती जबड्यात नुसती आवळायची नाही, चामड्याच्या घडीत धरायची, नाहीतर लोखंडावर लोखंड आवळल्यासारखी तडकते. घोडा अर्ध्यावर असताना धार फ्रिझनपासून जरा मागे, आणि फ्रिझनला समांतर हवी. एका कोपऱ्यानेच घासत असेल तर त्या बाजूला चामडं कमीजास्त कर. काही बंदुकांना उतार वर करून लावलेली गारगोटी आवडते, काहींना खाली. माझ्या एका बंदुकीला खालीच लागते, का ते मला तिने अजून सांगितलेलं नाही. प्रत्येक बारानंतर ओल्या अंगठ्याने गारगोटीची धार आणि फ्रिझनचा पृष्ठभाग पुसायचा. रेंजवर शेजारी जो सारखा 'बार होत नाही' म्हणून कुरकुरत असतो, तो हे पुसत नसतो.

दारू. इथे चुकलास तर हरीणच काय, हात जातो. आधुनिक काडतुसातली बिनधुराची पावडर ठासणीच्या बंदुकीत कधीही, चिमूटभरसुद्धा घालायची नाही. तिचा दाब या नळ्या सोसत नाहीत, फुटतात. चकमकीला खरी काळी दारू लागते: ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न ही पर्यायी चूर्णं दुकानात सहज दिसतात आणि विक्रेता 'तेच आहे' असं सांगतो. तेच नाही. ती पेटायला जास्त उष्णता लागते, प्रायमरला ती जमते, गारगोटीच्या ठिणगीला भरवशाने जमत नाही. माझ्या फुकट गेलेल्या पहिल्या हंगामाचं कारण नेमकं हेच होतं. दुकानात विचारलं, त्याने डबा दिला, मी घेतला, आणि डिसेंबरभर प्याल्यात फुस्स करत हिंडलो.

खरी काळी दारू थोड्याच दुकानांत ठेवतात, कारण तिची साठवण स्फोटकाच्या नियमात येते. ऑनलाइन मागवली तर धोकादायक मालाचा वेगळा वाहतूक आकार पडतो, म्हणून तीन-चारजण मिळून मागवतात. जुलैपासून तयारी म्हणतो त्याचं निम्मं कारण हेच: डिसेंबरात धावाधाव केलीस तर पुन्हा तो चुकीचाच डबा हातात येईल. दाण्याच्या जाडीवर एफ मोजतात, एफ जास्त तितका दाणा बारीक. ५० कॅलिबरला दोन एफ किंवा तीन एफ, आणि प्याल्यातल्या रंजकाला चार एफ, अगदी रव्यापेक्षा बारीक. मी दोन्हीकडे तीन एफच वापरतो, एक डबा कमी सांभाळावा लागतो. मोजमाप ग्रेनमध्ये असतं, ७००० ग्रेनचा एक पौंड. ७० ग्रेनचा बार धरला तर पौंडाच्या एका डब्यात शंभर बार. उन्हाळ्याच्या सरावाला आणि हंगामाला दोन डबे पुरतात.

भरण्याची रीत एकदा नीट लावून घे आणि मग तिच्यात कधी बदल करू नकोस. शिंगातून दारू पितळी मापात, मापातून नळीत. शिंगातून थेट नळीत कधीही नाही, कारण आत मागच्या बाराची ठिणगी राहिली असेल तर अख्खं शिंग हातात फुटेल. मग तोंडावर तेल लावलेली चिंधी, तिच्यावर ०.४९० इंचाची शिशाची गोळी, छोट्या दट्ट्याने आत, आणि गजाने एका दमात दारूपर्यंत. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. त्यासाठी गजावर दोन खुणा कर: एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या बाराची. भरल्यावर भरलेल्या बाराची खूण नळीच्या तोंडाशी आली नाही तर बार नीट बसलेला नाही. कुणी गप्पा मारायला आला तर भरणं थांबव. दारू न घालता गोळी ठासणं आणि दोनदा दारू घालणं या दोन्ही चुका गप्पांतूनच होतात. रंजक सगळ्यात शेवटी, खांद्याला लावायच्या जागी पोचल्यावर.

रंजक किती? प्याला काठोकाठ भरायचा मोह होतो. नको. कान दारूने बुजला तर ती वातीसारखी जळत आत जाते आणि फुस्स आणि धडाम यांच्यात मोठी पोकळी पडते. कान मोकळा असेल तर ज्वाळा उडी मारून आत जाते. प्याला अर्धा, दारू कानापासून बाहेरच्या बाजूला सरकवलेली. चांगल्या लॉकवर दोन आवाज वेगळे ऐकूच येत नाहीत. तुझ्या सहकाऱ्याचा 'फुस्स-धडाम' वेगवेगळा ऐकू येत असेल तर त्याला हे सांग, एक दुपारचं जेवण सुटेल तुझं.

आता चिंधीबद्दल, कारण बंदूक बोलते ती चिंधीतून. इथे सुती, घट्ट विणीचं पिलो टिकिंग वापरतात, पंधरा ते अठरा हजारांश इंच जाडीचं. पाच बार झाले की बंदुकीपुढे दहा-पंधरा यार्ड चालत जा आणि गवतातून उडालेल्या चिंध्या गोळा कर. मधोमध काळसर गोल, कडा जरा फाटलेल्या आणि कापड जवळजवळ पुन्हा वापरता येईल असं दिसत असेल तर सगळं ठीक. मधेच जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे किंवा तेल कमी आहे. गोळीच्या घेराभोवती चाकूने कापल्यासारख्या चिरा असतील तर नळीच्या तोंडाची धार कापते आहे, बारीक पॉलिश कागद अंगठ्याने तोंडावर फिरवला की बहुतेक वेळा भागतं. नवख्यांना निशाण्यावरची भोकं बघायची घाई असते. जुनी माणसं आधी चिंध्या वेचतात. तेल म्हणून ऑलिव्ह तेल, किंवा मेण आणि चरबीचं मिश्रण. मोटारीचं ग्रीस वगैरे खनिज तेल काळ्या दारूशी भिडलं की डांबरासारखा थर बसतो.

५० ग्रेनपासून सुरुवात कर, पाच-पाच ग्रेनने वाढवत जा, उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नकोस. एका मापावर गोळ्या एकदम जवळजवळ पडायला लागतात, ते तुझ्या बंदुकीचं माप. माझ्या बंदुकीला ७५ आवडतं. गोल गोळी नळीतून जोरात निघते, पण चेंडूच्या आकाराला हवा लवकर थोपवते. १०० यार्डांवर पोचेपर्यंत तिच्या वेगाचा बराचसा भाग गेलेला असतो. म्हणून स्वतःची हद्द ठरव. सहा इंची कागदी ताटली लाव, उभा राहून, झाडाला टेकून, जंगलात बसशील तसा बसून पाच बार मार. पाचही ताटलीत पडतात ते अंतर तुझं. चार पडले तर दहा यार्ड पुढे ये. माझं अंतर ६० यार्ड होतं, गेली काही वर्षं चष्मा बदलल्यापासून ५० वर आलं आहे, आणि मी ते मुकाट्याने मान्य केलं आहे.

चकमकीने नेम चुकतो तो बहुतेक वेळा दचकण्याने. डोळ्यापासून वीतभर अंतरावर ज्वाळा उडते, मेंदू म्हणतो झालं, मान वर होते, आणि गोळी अजून नळीतच असते. याला औषध एकच, आणि ते फुकट आहे. गारगोटीच्या जागी त्याच मापाचा लाकडाचा तुकडा लाव आणि रोज संध्याकाळी दिवाणखान्यात, रिकाम्या बंदुकीने, भिंतीवरच्या ठिपक्यावर वीस वेळा चाप ओढ. घोडा पडल्यावरही माशी ठिपक्यावरच राहिली पाहिजे. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर एवढं केलंस तर रेंजवर दारू कमी लागेल. बायको पहिले आठ दिवस हसेल. रेंजवर चष्मा मात्र हवाच, तो नसेल तर मी कुणाला बंदूक हातात देत नाही. आणि चाप ओढूनही बार झाला नाही तर बंदूक तशीच समोर धरून मिनिटभर थांब, आत कधी कधी निखारा धुमसत असतो.

बाकी सामानावर पैसे उधळू नकोस. खांद्याला एक छोटी पिशवी, दारूचं शिंग, माप, दट्टा, कान साफ करायची तार, प्याल्याचा छोटा ब्रश, अडकलेली गोळी काढायचा स्क्रू, चार गारगोट्या, सहा-सात गोळ्या. हरणाच्या कातड्याचे झालरीचे कोट, फर टोप्या, पितळी मढवलेल्या पिशव्या पुढे मोह घालतील. इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी राष्ट्रीय मझल लोडिंग रायफल असोसिएशनच्या स्पर्धा जून आणि सप्टेंबरात भरतात, तिथली दुकानं बघायला अवश्य जा, पण क्रेडिट कार्ड गाडीत ठेवून. वाचलेले पैसे लोकरीवर आणि बुटांवर घाल. जानेवारीत शून्याखाली तीन तास निश्चल बसायचं आहे.

आता पावसाबर्फाचं. दुसऱ्या हंगामातली गोष्ट. दिवसभर बर्फात फिरून मित्राच्या केबिनमध्ये परतलो आणि भरलेली बंदूक, फक्त रंजक काढून, शेगडीजवळ भिंतीला टेकवली. एक तर भरलेली बंदूक घरात आणणं हाच मूर्खपणा, आणि गार लोखंड उबेत आणलं की त्यावर आतून बाहेरून दव धरतं, हे डोक्यातच आलं नाही. सकाळी हेमलॉकच्या सूचीपर्णी गचपणात तीस यार्डांवर डो उभी राहिली, आडवी, मान खाली. चाप ओढला. रंजक भुर्रकन उडालं आणि आत काही नाही. तिने धुराकडे बघितलं, कान हलवले आणि चालत गेली. पळालीसुद्धा नाही, तेच जास्त लागलं.

कुडाळकडे आमच्या आजोबांकडे शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, टोपीची, म्हणजे गारगोटीऐवजी स्फोटक टोपीने पेटणारी. भातात डुकरं यायची ती नेमकी पावसात. टोपी बसवली की आजोबा कडेने मेण दाबायचे, आणि बंदूक माजघरात चुलीपाशी न ठेवता पडवीत, खोलीबाहेर टांगायचे. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि परत आली की त्यांचा पहिला प्रश्न 'खंय ठेवलेली, सुकी होती मां?' मी ते लहानपणी शंभरदा ऐकलं होतं आणि पेनसिल्व्हेनियात विसरलो. (गावाकडे सुट्टीत जाऊन शिकार करता येईल का, असंही तू शेवटी विचारलं आहेस. नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने तो विषय संपला.)

तर रीत अशी. सकाळी भरण्याआधी कोरडी चिंधी फिरवून नळीतलं तेल पूर्ण काढ, कानातून तार घाल, प्याल्यात नुसतं रंजक घालून एकदोनदा उडव, म्हणजे कान मोकळा आणि कोरडा होतो. चालताना कानात लाकडी काडी. लॉकवर तेलवलेल्या चामड्याचं झाकण, त्याला इथे 'काउज नी' म्हणतात. नळीच्या तोंडावर विजेच्या कामाची टेप. प्याल्याच्या काठाला बोटाने मेण. हवा ओली असेल तर अर्ध्या तासाने रंजक फुंकून टाक आणि नवं घाल. जुनं रंजक ओलं झालंय की नाही ते बघत बसू नकोस, ते झालेलंच असतं. संध्याकाळी शेवटचा बार सुरक्षित जागी, मातीच्या बांधात उडवून टाक आणि बंदूक रिकामी करून मगच घरी आण. एक गोळी आणि चिमूटभर दारू गेली, उद्याचा बार पक्का झाला.

हरणं कुठे असतात? रायफलचा हंगाम झाल्यावर ती शहाणी झालेली असतात. दिवसा हेमलॉकच्या आणि रानलॉरेलच्या दाटीत दडतात, थंडी वाढली की दक्षिणेकडच्या उतारावर उन्हाला येतात, संध्याकाळी ओकखाली उरलेले दाणे किंवा मक्याचे धसकट शोधतात. राज्याची शिकारभूमी पंधरा लाख एकरांवर आहे आणि जानेवारीत ती जवळजवळ ओस असते. एकटा असशील तर ताज्या बर्फावर माग काढत हळूहळू जा, दहा पावलं आणि पाच मिनिटं. चार-पाचजण असाल तर हाका घाला: दोघं-तिघं हाकारे गचपणातून चालत येतात, बाकीचे पलीकडच्या खिंडीत बसतात. चकमकीच्या हंगामाची ही इथली जुनी पद्धत आहे आणि धमाल येते, पण कोण कुठे उभा आहे हे आधी नकाशावर ठरलं पाहिजे. त्या दिवशी नारिंगी जाकीट सगळ्यांच्या अंगावर, सक्ती असो नसो.

बार झाला की समोर धुराचा पडदा असतो. एक पाऊल बाजूला सरक, हरीण कुठल्या बाजूला गेलं ते बघ आणि जागा न सोडता आधी पुन्हा भर. गोल गोळीने रक्त उशिरा आणि कमी पडतं. अर्धा तास थांब, मग बर्फावरचा माग शांतपणे काढ. हलवण्याआधी टॅग बांध, दहा दिवसांत नोंद कर. तुझा विभाग सीडब्ल्यूडी या हरणांच्या जीवघेण्या मेंदूच्या रोगाच्या क्षेत्रात असेल तर डोकं आणि पाठीचा कणा त्या क्षेत्राबाहेर न्यायचा नाही, त्यासाठी ठिकठिकाणी पेट्या ठेवलेल्या असतात. मटण जास्त झालं तर 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट'मार्फत गरजूंना देता येतं. थोडं मालवणी मसाला लावून सुकं करून बघ. चरबी नसते, म्हणून खोबरं सढळ हाताने.

त्या रात्री कितीही दमलास तरी बंदूक धुतल्याशिवाय झोपायचं नाही. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि सकाळपर्यंत नळी लाल होते. कोमट पाणी, थेंबभर साबण, चिंध्या पांढऱ्या येईपर्यंत. उकळतं पाणी नको, त्याने लगेच तांबूस झाक येते. कोरडी कर, तेलाचा हात फिरव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एक चिंधी घाल. ती विटकरी आली तर आदल्या रात्री आळस केलेला असतो, पुन्हा पाणी घे.

ऑगस्टातल्या शनिवारी सकाळी मी रेंजवर असतो, निरोप टाकतो तुला. येताना कानाचे मफ आणि चष्मा आण, दारू-गोळ्या माझ्याकडे आहेत. दहा बार माझ्या बंदुकीने काढ, चिंध्या तूच वेच, आणि मग कुठली घ्यायची ते आपण बोलू.